'हाराकिरी'मधला खटला

मासाकी कोबायाशींच्या 'हाराकिरी' (१९६२) या जपानी चित्रपटात ई या सरदार घराण्याचा कारभारी साइतो कागेयु बराच वेळ बरोबरच वाटतो. त्याचं म्हणणं एवढंच, की सामुराईने, म्हणजे जपानी योद्ध्याने, दिलेला शब्द पाळावा.

काळ १६३०चा, ठिकाण एदो, म्हणजे आजचं टोकियो. हिरोशिमाचा किल्ला परवानगीशिवाय दुरुस्त केला म्हणून फुकुशिमा घराण्याची जहागीर शोगुनाने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, १६१९मध्ये काढून घेतली. त्यांचे सामुराई बिनधन्याचे रोनिन झाले. पोटासाठी काही रोनिनांनी युक्ती काढली: बड्या वाड्यात जाऊन 'तुमच्या अंगणात सेप्पुकु (पोट चिरून आत्महत्या) करू द्या' म्हणायचं, म्हणजे ब्याद टळावी म्हणून चार पैसे हातावर पडतात. चिजिइवा मोतोमे तेच करतो. कागेयु त्याला खरोखरच सेप्पुकुला बसवतो.

रीत अशी, की आखूड तलवारीने पोट चिरायचं आणि मागे उभ्या असलेल्या साहाय्यकाने लगेच मान उडवायची, म्हणजे यातना लांबत नाहीत. इथे ती सवलतच काढून घेतली जाते. मोतोमेने खरी पाती विकलीत, कमरेला बांबूची आहेत. तीच वापर, असा हुकूम होतो. बांबू चिरत नाही, अंगाचा भार टाकून खुपसावा लागतो. पोट पुरतं आडवं चिरल्याशिवाय वार करणार नाही, असं साहाय्यक ओमोदाका बजावतो. मोतोमे अखेर जीभ चावतो. हा प्रसंग बघवत नाही, तरी नजर वळवू नका.

नंतर त्याच अंगणात मोतोमेचा सासरा हानशिरो येऊन बसतो. (ही भूमिका करणारा तात्सुया नाकादाई तेव्हा तिशीच्याही आत होता!) पुढचं कथानक इथे उघड होतंय. साहाय्यक म्हणून तो ज्या तिघांची नावं घेतो, ते तिघेही 'आजारी' निघतात. हानशिरोने त्यांच्या शेंड्या कापल्यात. या बेअब्रूवर सामुराईला सेप्पुकु हाच मार्ग; हे मात्र केस वाढेपर्यंत घरात दडून बसलेत. कागेयुचा युक्तिवाद इथे कोसळतो. शेवटी तिघेही सेप्पुकुनेच मरतात, तरी घराण्याच्या दप्तरात त्यांचे मृत्यू आजाराने झाले असंच लिहिलं जातं.

निव्वळ सूडकथा म्हणून पाहिलं तर एक गोष्ट निसटते. मोतोमेने आजारी बायकोमुलासाठी पाती विकली, हे हानशिरोला त्याचं प्रेत घरी आल्यावर कळतं. स्वतःची तलवार विकायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ज्या मानापायी कागेयुने मोतोमेला मारलं, तोच मान हानशिरोही कमरेला बाळगून होता, आणि हे तो स्वतः कबूल करतो.