लोफोटेनच्या समुद्रात स्क्रेई गरवताना

मार्च महिना आम्ही माशासाठी निवडला. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर लोक बहुतेक वेळा मध्यरात्रीचा सूर्य बघायला उन्हाळ्यात येतात, नाहीतर ध्रुवीय प्रकाशासाठी थंडीत. आम्हाला हवा होता स्क्रेई, म्हणजे बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड. वयात आला की तो दर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत दक्षिणेला येतो, लोफोटेनच्या आसपास अंडी घालतो आणि परत जातो. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा मोसम. इथली माणसं हजार वर्षं या एका माशाच्या येण्यावर जगत आली आहेत. 1120 च्या सुमारास राजा ऑयस्टाइनने काबेलवोगला बाहेरगावच्या मच्छिमारांसाठी राहायच्या खोल्या बांधून दिल्या, असं सांगतात. पाण्यावर खांब रोवून उभारलेल्या अशा लाल लाकडी खोल्यांना रोर्बू म्हणतात. आज त्यांत बरेचसे पर्यटकच राहतात. आम्हीही हेनिंग्सवेअरला तसल्याच एका खोलीत उतरलो.

मी ऑस्लोत नोकरी करतो. एक मित्र बर्गनहून आला, एक पुण्याहून आणि एक थेट मालवणहून. मालवणच्या मित्राचं लहानपण खाडीत गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात, गेलेलं. बोट चालवणाऱ्या साठीतल्या नॉर्वेजियन गृहस्थांना त्याने पहिल्या पाच मिनिटांत ‘तांडेल’, म्हणजे कोकणातल्या बोटीचा प्रमुख, करून टाकलं आणि मग आम्ही सगळेच त्यांना तांडेल म्हणू लागलो.

निघण्याआधी त्यांनी प्रत्येकाला जाड, तरंगणारा सूट चढवायला लावला. इथे समुद्र गोठत नाही, अटलांटिकचा कोमट प्रवाह त्याला मोकळा ठेवतो. पण ‘कोमट’ म्हणजे तीन-चार अंश. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. चेन सगळ्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आहे ना, हे तांडेलांनी स्वतः हात लावून तपासलं. मगच दोर सोडला.

बंदराबाहेर आलो तेव्हा मागे वोगाकालेन उभा होता, 942 मीटरचा, थेट समुद्रातून उठलेला, खांद्यांवर बर्फ. वेस्टफ्योर्डचं पाणी काळपट हिरवं. पुण्याच्या मित्राला पंधरा मिनिटांत लाटांनी आडवा केला. त्याला बिचाऱ्याला मधे बसवून आल्याचे तुकडे आणि बिस्किटं दिली.

कोकणात गरवायला बसलं की जागा महत्त्वाची: कुठला खडक, कुठलं तोंड, भरतीची वेळ कुठली. इथे सगळा खेळ खोलीचा. वरचं किनाऱ्याकडचं पाणी थंड, खालचं अटलांटिकचं पाणी त्याहून उबदार, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चार ते सहा अंशांच्या थरात स्क्रेई अंडी घालायला जमतो. हा थर वाऱ्याप्रमाणे वरखाली सरकतो. तांडेल तळाकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांची नजर आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या इको साउंडरच्या पडद्यावर, मधेच तरंगणाऱ्या एका जाड पट्ट्यावर होती. “सत्तर मीटर,” ते म्हणाले. आम्ही गळ सोडले.

गळ म्हणजे माशाच्या आकाराचा, चारशे ग्रॅमचा चकचकीत धातूचा तुकडा, खाली तीन आकड्यांचा काटा आणि वर लाल रबरी किडा. आमिष काही नाही. दोर सत्तर मीटर गेला की रीळ थांबवायचं, काठी उचलायची, सोडायची, पुन्हा उचलायची. दोन-चार वेळा नुसतं वजन जाणवलं. मग काठी वर जाता जाता मधेच अडकली, खाली कोणीतरी दोर धरून ठेवल्यासारखी, आणि पाठोपाठ दोन संथ, जड झटके आले. कॉड सुरमईसारखा पळत नाही. तो मान हलवतो आणि खाली बसू पाहतो. सत्तर मीटर रीळ फिरवताना दंड भरून आले. पाण्यात आधी पांढरं पोट दिसलं, मग हिरवट तपकिरी पाठ, बाजूने धावणारी फिकट रेघ आणि हनुवटीखालची ती एक मिशी. तांडेलांनी आकडी लावून मासा आत घेतला, डोक्यावर एक नेमका टोला, लगेच गळ्याशी सुरी, आणि रक्त निथळायला समुद्राच्या पाण्याच्या टबात. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. रक्त आत राहिलं तर मांस लालसर होतं आणि भाव पडतो, असं त्यांनी सांगितलं. स्क्रेईची किंमत त्याच्या पांढऱ्या, घट्ट मांसाला आहे.

बोटीच्या कठड्यावर मोजपट्टी ठोकलेली होती. 62 अक्षांशाच्या उत्तरेला 44 सेंटिमीटरपेक्षा लहान कॉड ठेवता येत नाही. आमचे मासे त्याच्या दुपटीने मोठे होते, डोळ्यांना दिसत होतं, तरी तांडेल प्रत्येक मासा पट्टीवर ठेवायचे. मालवणचा मित्र ते सारखं बघत होता. आठ-नऊ मासे झाल्यावर तांडेलांनी गळ गुंडाळायला सांगितलं. इतक्या खोलातून वर ओढताना माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडलेला मासा जगेलच असं नाही, त्यामुळे ‘गंमत म्हणून धरू आणि सोडू’ ही गोष्ट इथे फारशी खपत नाही. खाण्यापुरते झाले की बास. मला हा नियम मनापासून पटला. पडद्यावर तो जाड पट्टा तसाच होता आणि आमच्या हाताला चव लागली होती, तरी पटला.

धक्क्यावर मासा साफ करणं हा एक वेगळाच सोहळा. गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, एकीकडे, काळीज (यकृत) एकीकडे, डोकी वेगळ्या टबात. शेजारच्या शेडमध्ये बारा-तेरा वर्षांची मुलं फळीवर ठोकलेल्या खिळ्यात डोकं अडकवून एका फटक्यात जीभ कापत होती. शाळा सुटल्यावरचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुलांचंच, आणि कमाईही त्यांचीच. जीभ काढलेली डोकी वाळवून नायजेरियाला जातात, तिथे त्यांचं सूप होतं. धड शेपटीला शेपटी बांधून लाकडी मांडवांवर लटकवतात, मीठ न लावता, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. थंडी जास्त झाली तर मांस फुटतं, ऊन वाढलं तर माशा बसतात. शून्याच्या आगेमागे रेंगाळणारी इथली हवा नेमकी मधली. त्या मांडवांखाली उभं राहिलं की सातपाटीच्या वलांडीवर वाळणारे बोंबील आठवणारच. वाससुद्धा ओळखीचा.

रात्री तांडेलांनी जेवायला बोलावलं. म्योल्ये: उकडलेला मासा, उकडलेली गाबोळी, कांदा-मिरी घालून शिजवलेलं काळीज आणि बटाटे. काळजाचं तेल बटाट्यावर ओतून खायचं. आजारातून उठलेल्या पुण्याच्या मित्राने तीनदा वाढून घेतलं.

गाबोळीचा तुकडा ताटात घेऊन मालवणचा मित्र म्हणाला, “तांडेल, एक विचारू? आमच्याकडे मासा अंडी घालतो तेव्हा 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तुम्ही तर नेमके अंडी घालायला आलेलेच धरता.”

प्रश्न वर्मी लागणारा होता. तांडेल शांतपणे म्हणाले की प्रश्न महिन्याचा नाही, एकूण किती धरले याचा आहे. नॉर्वे आणि रशिया मिळून या साठ्याचा वार्षिक कोटा ठरवतात. 2013 मध्ये तो 10 लाख टन होता. आम्ही गेलो त्या 2025 सालासाठी 3 लाख 40 हजार टन, म्हणजे तोवरचा 1991 नंतरचा सर्वांत कमी. वाट्याचा कोटा संपल्यामुळे त्यांच्या मुलाची मोठी बोट त्या वर्षी फार लवकर धक्क्याला लागली होती. राग आहे, पण मोजणी खोटी आहे असं तो म्हणत नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

मित्राला पूर्ण पटलं नाही. पोटात गाबोळी असलेला मासा सोडायचा, हे त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलेलं. मग तो आपल्याकडचं सांगू लागला: 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवले, पापलेट 135 मिलिमीटरच्या आत धरायचं नाही, तरी बाजारात तळहाताएवढी पापलेटं दिसतातच, कारण गिऱ्हाईक मागतं. तांडेलांनी विचारलं, बोटीवर मोजपट्टी असते का? मित्र म्हणाला, काहींच्या. मग दोघं जाळ्याच्या आसाच्या, म्हणजे छिद्राच्या, मापावर आले, आणि बर्गनचा मित्र दुभाषा होऊन दमला तरी बोलणं थांबेना.

माझं मत तांडेलांच्या बाजूला झुकतं. बंदीचे दिवस पाळणं त्या मानाने सोपं. धंदा बुडत असताना आकडा मान्य करणं अवघड. पण आजोबांचा नियमही मला सोडवत नाही, आणि कोकणात दोन्ही हवेत असंच वाटतं. दुसऱ्या दिवशी मित्राने सोबत आणलेलं तिरफळ आणि आमसूल काढून कॉडच्या डोक्याचं कालवण केलं. तांडेल आले, जेवले, आणि तिरफळाचं नाव एका कागदावर लिहून घेतलं.