तासभर बसू दिलं म्हणून घेतला

प्रवासात भाषांतराचं काम करता यावं म्हणून मला छोटा लॅपटॉप हवा होता. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, नवा घे आणि मोकळी हो." पण आधीचा नवाच घेतला होता. त्याची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवता न येणारी, बॅटरी आत चिकटवलेली. रॅम पुरेना म्हणून चांगलं चालतं यंत्र बाजूला ठेवावं लागलं, तो राग डोक्यात होताच. म्हणून कुणीतरी वापरलेल्या जुन्या थिंकपॅड एक्स२३० लॅपटॉपकडे वळले. २०१२ सालचं मॉडेल, साडेबारा इंची स्क्रीन. खालचे खटके सरकवले की बॅटरी हातात येते, हार्ड डिस्कचं झाकण एका स्क्रूवर निघतं, रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि त्यांत १६ जीबी बसते.

पाहायला गेले तेव्हा पर्समध्ये लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह होता. विकणाऱ्यानं तासभर बसू दिलं. ("घेताय ना?" असं पाचव्या मिनिटाला विचारणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून प्रत्येक बटण दाबून पाहिलं. तिन्ही यूएसबी पोर्ट तपासले. झाकण अर्धवट उघडून सोडलं, बिजागरी ढिली असती तर ते कललं असतं. कललं नाही. स्क्रीन मात्र बाजूनं फिकट दिसत होती, म्हणजे टीएन नावाचा साधा पॅनल. याच मॉडेलमध्ये बाजूनंही नीट दिसणारा आयपीएस पॅनलही यायचा, पण मला दिवसभर अक्षरंच बघायची, चालेल म्हटलं. बॅटरीची मूळ क्षमता ६० वॉट-तासांच्या वर, आता पूर्ण भरूनही जेमतेम २७. ही बॅटरी मी मनातल्या मनात शून्य धरली आणि त्या हिशेबानंच भाव केला.

खरी धाकधूक व्हिडिओची होती. यूट्यूब लावलं आणि दोन मिनिटांत पंखा घोंघावायला लागला. कारण माहीत होतं: त्या काळातल्या चिपमध्ये व्हीपी९ किंवा एव्ही१ (यूट्यूबचे व्हिडिओ ज्यांत येतात ते नवे प्रकार) उलगडायची सोयच नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ हा जुना प्रकार मात्र ती चिप स्वतः हाताळते. ब्राउझरला एच.२६४च मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाकलं, तोच व्हिडिओ परत लावला. पंखा हळूहळू बसला. मी तिथेच हो म्हटलं.

विंडोजचा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही. मी लिनक्सवरच काम करते. पण ज्याचं ऑफिस विंडोजवरच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर अडलंय, त्यानं या भानगडीत पडू नये.

घरी आणल्यावर एका रविवारी भावाला बसवून घेतलं. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) आणि रॅम टाकायला वेळ लागला नाही. पंख्यानं मात्र दुपार खाल्ली. कीबोर्ड उचलताना त्याची केबल ताणली जाऊ नये म्हणून भाऊ तो दोन्ही हातांनी धरून बसला होता. आत, पंख्याच्या तोंडाशी, धुळीचा नमद्यासारखा थर. चिमट्यानं ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून नवी लावली, तेव्हापासून मांडीवर घेऊन बसता येतं.

बॅटरीनं मात्र फसवलं. स्वस्तातली एक मागवली, ती ४० टक्के दाखवत असतानाच धाडकन बंद पडायची. परत केली. दुसरी जास्त पैसे देऊन घेतली आणि आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल असं करून ठेवलंय, म्हणजे ती सारखी काठोकाठ भरलेली राहून लवकर झिजत नाही.

खर्चाची रेघही तेव्हाच ओढली: बॅटरी, पंखा, डिस्क, कीबोर्ड इथवर पैसे घालायचे. मदरबोर्ड गेला की हात आखडायचा. भावाला हे सांगितलं तर तो हसला. "तेव्हा तू सुट्या भागांसाठी म्हणून दुसरा एक्स२३० आणशील."

तसा एक मी परवा बघूनही ठेवलाय. स्क्रीन आयपीएस आहे म्हणे.