कंबम खोऱ्यात पेनीक्विकच्या मागावर

गुडलूरजवळच्या चहाच्या टपरीत गल्ल्याच्या वर तीन तसबिरी होत्या: मुरुगन, लक्ष्मी आणि झुपकेदार मिशांचा एक गोरा साहेब. तिघांनाही मोगऱ्याचे गजरे. साहेब म्हणजे मद्रासच्या लष्करी इंजिनिअर दलातले कर्नल जॉन पेनीक्विक. जन्म १५ जानेवारी १८४१, आमच्या पुण्यातला. एवढ्या एका ओळीपायी आम्ही मदुराईला उतरून तेनीमार्गे इथवर आलो.

पेरियार नदी पश्चिमेला वाहते आणि डोंगराच्या पूर्वेकडे दुष्काळ. पेनीक्विकनी तिच्यावर चुना आणि सुरखीचं (विटांच्या भुकटीचं) धरण घातलं, डोंगर पोखरून बोगदा काढला आणि पाणी उलट्या दिशेला, वैगईच्या खोऱ्यात उतरवलं. काम १८८७ ते १८९५ चाललं. पुरात बांधकाम वाहून गेलं, हिवतापानं मजूर मेले. साहेबांनी विलायतेतली मालमत्ता विकून काम पुरं केलं, असं इथे जो तो सांगतो. मला मात्र त्या जंगलात राबलेल्या मजुरांचीच आठवण जास्त येत राहिली.

धरण बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका, तिथे पर्यटकांना सोडत नाहीत. आधी लोअर कँप गाठा. तिथे पेनीक्विकचं मणिमंडपम, म्हणजे स्मारक, आणि पुतळा आहे. तिथून कुमळीचा घाट चढताना डोंगरावरून खाली आलेले पाण्याचे जाडजूड पाइप दिसतात. गाडी थांबवून मागे वळून बघा: खाली भाताची खाचरं आणि द्राक्षांचे मांडव. सगळा खटाटोप कशासाठी होता ते तिथे कळतं.

थेक्कडीचं तळं म्हणजे याच धरणाचा फुगवटा. सकाळची पहिली बोट धरा, तिकीट आधी ऑनलाइन काढा. खासगी गाडी बाहेर लावून वनखात्याच्या बसनं आत जावं लागतं, त्यासाठी तासभर हाताशी ठेवा. पाण्यातून वर आलेले काळे, वाळके बुंधे दिसतील. सव्वाशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जंगलाची ती झाडं. एकावर पाणकावळा पंख पसरून बसला होता.

मदुराईच्या आरप्पालयम स्टँडवरून तेनी-कंबमकडे भरपूर बस आहेत. जमलं तर १५ जानेवारीच साधा. पोंगलचे दिवस असतात, आणि पालारपट्टीचे शेतकरी त्या दिवशी पेनीक्विकच्या नावानं पोंगल शिजवतात.