मॅगीचे फोटो

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी देवगडजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. आंब्याचा हंगाम आवरला होता, आईने अंगणात रातांब्याची साले वाळत घातली होती आणि दुपारच्या उकाड्यात घरात कोणाचाच डोळा लागत नव्हता. अशा एका दुपारी पडवीत बसून मी बाबांना ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला एक भाग दाखवला. बाबांना आता चौऱ्याहत्तरावे वर्ष लागले आहे आणि इंग्रजी संवाद त्यांना समजत नाहीत, म्हणून मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि मधूनमधून थांबवत गोष्ट सांगत गेलो. भाग जेमतेम बावीस मिनिटांचा. आम्हाला तासाच्या वर वेळ लागला.

मालिका बहुतेकांनी निदान नावाने ऐकलेली असते. मॅट ग्रोनिंग यांनी निर्माण केलेले हे पिवळ्या रंगाचे कुटुंब १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्स वाहिनीवर स्वतंत्र मालिकेच्या रूपात दिसू लागले आणि आजही दिसते. बाप होमर, आई मार्ज, मुलगा बार्ट, मुलगी लिसा आणि तोंडात सदैव चोखणी असलेली तान्ही मॅगी. होमर स्प्रिंगफील्ड गावातल्या अणुऊर्जा केंद्रात नोकरी करतो. पडद्यावर त्या केंद्राचे दोन मोठे मनोरे दिसताच बाबांनी पहिला प्रश्न विचारला, तो हा प्रकल्प जैतापूरसारखाच का, असा. आमच्या किनाऱ्यावर अणुऊर्जा हा शब्द उच्चारला की तो नियोजित प्रकल्प आणि माडबनचा सडाच डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक होता. मी होय म्हटले आणि पुढे गेलो, कारण मला जे दाखवायचे होते ते अणुभट्टीचे नव्हते, तिथे रोज कामाला जाणाऱ्या माणसाचे होते.

या भागाचे नाव ‘अँड मॅगी मेक्स थ्री’. सहाव्या पर्वातला हा भाग २२ जानेवारी १९९५ रोजी प्रथम प्रसारित झाला. लेखन जेनिफर क्रिटेंडन यांचे आणि दिग्दर्शन स्विंटन स्कॉट यांचे. सुरुवात अगदी घरगुती आहे. सगळे कुटुंब फोटोंचा अल्बम पाहत बसले आहे. बार्टचे फोटो आहेत, लिसाचे आहेत, पण मॅगीचा एकही नाही. मुले कारण विचारतात आणि उत्तरादाखल होमर मॅगीच्या जन्माची गोष्ट सांगू लागतो. साध्या चौकशीला इतके लांबण कशाला, असे पाहणाऱ्याला वाटत राहते आणि थोड्याच वेळात तो मूळ प्रश्न आपण विसरूनही जातो. लेखिकेला नेमके हेच हवे आहे.

गोष्ट अशी आहे. एका पगाराच्या दिवशी होमरचे सगळे कर्ज फिटते. आता मार्ज आणि दोन मुलांपुरते भागले की पुरे, असा हिशेब करून तो नावडती नोकरी सोडतो आणि बोलिंगच्या खेळघरात कामाला लागतो. तिथे पगार कमी असतो, पण त्याला हेच काम मनापासून करायचे असते. निघताना तो मालक बर्न्सच्या डोक्यावर तबला वाजवावा तशी थाप देतो आणि जाता जाता पूल पेटवून देतो. सिंहगडाच्या लढाईपासून आपण ‘परतीचे दोर कापले’ असे म्हणत आलो आहोत. इंग्रजीत ‘मागचे पूल जाळले’ असे म्हणतात, आणि हा माणूस ते अक्षरशः करतो. बाबांना मी हा दोरांचा दाखला दिला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

नव्या कामात होमर खरोखर सुखी आहे. याच सुखाच्या दिवसांत मार्जला पुन्हा दिवस जातात. नवऱ्याला हे कळले तर त्याला हे काम सोडावे लागेल, हे ओळखून ती गप्प राहते. तिच्या बहिणी मात्र बातमी गावभर करतात, आणि सर्वांत शेवटी ती होमरला समजते. बार्टच्या वेळी आणि लिसाच्या वेळी ही बातमी ऐकून त्याने डोक्यावरचे केस उपटल्याचे आपण पाहिलेले असते. या वेळी उरलेसुरलेही जातात. प्रसंग विनोदी आहे, पण मला तो पाहताना दर वेळी मार्जचे मौन आठवते. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांनी असे किती महिने मौनात काढले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढचा भाग मला सर्वांत खरा वाटतो. होमर पगारवाढ मागतो. मालक चांगला आहे, पण धंदाच तेवढा नाही. गिऱ्हाईक वाढवण्याची धडपड फसते. मग तो पुन्हा अणुऊर्जा केंद्राच्या दाराशी उभा राहतो. तिथे नव्याने नोकरी मागणाऱ्यांसाठी एक दार आहे आणि याचना करणाऱ्यांसाठी दुसरे, आणि हे दुसरे इतके बुटके आहे की आत जायचे तर गुडघ्यांवर रांगावे लागते. बर्न्स त्याला कामावर घेतो, मात्र त्याच्या टेबलासमोर एक पाटी ठोकवून घेतो: ‘डोन्ट फरगेट: यू आर हिअर फॉरएव्हर’. म्हणजे, विसरू नकोस, तू आता कायमचा इथलाच.

इथे मी भाग थांबवला आणि बाबांना पाटीचा अर्थ सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘‘तेका परत थंयच कामाक जावचा लागला?’’

ही गोष्ट त्यांनाच का दाखवावीशी वाटली, हे आता सांगायला हवे. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचे, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. कोकणातल्या असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घरात बाप म्हणजे वर्षातून दोनदा येणारा चाकरमानी होता. १९९१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आजोबांनी लावलेली साठ-पासष्ट हापूसची कलमे होती, शेजारची थोडी बाग खंडाने घेता येणार होती आणि दोन हंगाम नीट निघाले तर मुंबईला कायमची पाठ दाखवायची, असे त्यांनी ठरवले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. बाबा रोज सकाळी घरात असतात, ही गोष्ट मला इतकी नवलाची वाटत होती की पहिले काही दिवस मी उठल्या उठल्या ते आहेत ना, हे पडवीत येऊन पाहत असे. पेट्या भरताना पेंढ्याचा थर कसा द्यायचा, देठाचा चीक फळावर ओघळू नये म्हणून ते कसे धरायचे, हे त्यांनी मला त्याच दोन वर्षांत शिकवले. झेल्याने आंबा उतरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असे, तशी मी नंतर कधी पाहिली नाही.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी मोहोर भरपूर आला आणि ऐन वेळी मळभ धरून पाऊस पडला. उरलेल्या मोहोरावर तुडतुडे पडले. जो माल निघाला त्याची दलालाकडून आलेली पट्टी आईने कितीतरी वर्षे डब्यात जपून ठेवली होती. हमाली, भाडे आणि आडत वजा जाता हातात आलेल्या पैशांत फवारणीचे औषधही सुटत नव्हते. त्याच सुमारास माझी धाकटी बहीण जन्मली. ती वर्षाची झाली आणि बाबा परत भांडुपला गेले. त्याच कारखान्याने त्यांना घेतले, पण नवा कामगार म्हणून. आधीची नऊ वर्षे मोजली गेली नाहीत. हे आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. मला ते कळले बाबा निवृत्त झाल्यावर, ग्रॅच्युइटीच्या कागदांवरची रुजू झाल्याची तारीख वाचताना.

होमरची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. ती माणसाला शहाणपण शिकवायला निघत नाही. आवडीचे काम निवडणे हा त्याचा मूर्खपणा होता, असे ती कुठेही म्हणत नाही, आणि परत आल्यावर जुन्या नोकरीत त्याला अचानक गोडी वाटू लागली, असा खोटा दिलासाही देत नाही. नोकरी होती तशीच वाईट राहते. मालकही तसाच राहतो. मालिकेच्या दर आठवड्याच्या सुरुवातीच्या चित्रमालिकेत दुकानाच्या गल्ल्यावर सामानासोबत चुकून मॅगीच पुढे सरकते आणि यंत्रावर ८४७.६३ डॉलर असा आकडा उमटत असे. त्या काळी अमेरिकेत एका बाळामागे महिन्याला येणाऱ्या खर्चाचा तो आकडा असल्याचे सांगितले जाते. मूल घरात येते ते खर्चाचा आकडा घेऊनच येते, आणि तो आकडा कोणाला तरी कुठेतरी उभे राहून भरावा लागतो, ही जाणीव या हसऱ्या मालिकेच्या मुळाशी पहिल्यापासून आहे.

मॅगी जन्मते तेव्हा होमर खिन्न असतो. मग ती इवलीशी मूठ त्याचा अंगठा धरते आणि त्याचा चेहरा पालटतो. या क्षणावरही भाग संपवता आला असता आणि तो चांगलाच ठरला असता. पण अल्बमचा प्रश्न शिल्लक आहे. मुले पुन्हा विचारतात, की या सगळ्याचा फोटोंशी संबंध काय? होमर सांगतो की, मॅगीचे फोटो आहेत, पण जिथे मला उभारीची सर्वांत जास्त गरज असते तिथे मी ते ठेवले आहेत. आणि पडद्यावर येते ते त्याचे कामाचे टेबल. बर्न्सने ठोकलेल्या पाटीवर त्याने मॅगीचे फोटो असे चिकटवले आहेत की मधली अक्षरे झाकली गेली आहेत आणि उरलेली वाचली जातात: ‘डू इट फॉर हर’. तिच्यासाठी कर.

यातली कारागिरी नीट पाहण्यासारखी आहे. मूळ वाक्यात ‘आय’ हे अक्षरच नाही. फोटोच्या कडेने ‘एन’ची एक उभी रेघ तेवढी उघडी राहते आणि आपले डोळे ती ‘आय’ म्हणून वाचतात. पाटी त्याने उखडलेली नाही. ती उखडण्याचा अधिकार त्याला नाही. मालकाच्याच अक्षरांतून त्याने आपल्या कामापुरती अक्षरे ठेवली आहेत. मी दोन संध्याकाळी कागद घेऊन असे एखादे मराठी वाक्य जुळवण्याचा प्रयत्न केला. ते जमले नाही, कारण आपल्या लिपीत अक्षर झाकले तरी त्याची वेलांटी किंवा मात्रा बाहेर डोकावते आणि शिरोरेघ सगळ्यांना बांधून ठेवते. त्यामुळे बाबांना ते समजावताना मी मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर दाखवत गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून, पडदा अगदी डोळ्यांजवळ धरून, पाटी पुन्हा पाहिली.

आमच्या घरच्या अल्बममध्येही धाकटीचे लहानपणीचे फोटो नाहीत. जे थोडे होते ते दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीने गेले. आमच्याकडे आषाढात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात, तिथे फोटोंची काय कथा. एकच फोटो उरला, तो बाबांच्या लोकलच्या पासाच्या पाकिटात. पाकिटाच्या एका बाजूला पास आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओत काढलेला, वर्षाच्या मुलीचा फोटो. गालावर काजळाची तीट, हातात स्टुडिओवाल्याने दिलेले प्लास्टिकचे फूल. सोळा वर्षे ते पाकीट शर्टाच्या वरच्या खिशात घामाने भिजत आणि वाळत राहिले. धाकटीच्या लग्नाच्या वेळी तो फोटो मोठा करून घ्यावा म्हणून मी तो बाहेर ओढू लागलो, तर फोटोचा वरचा थर प्लास्टिकला कायमचा चिकटला होता. कोपरा सोलवटून आला आणि फुलाची एक पाकळी प्लास्टिकवरच राहिली. बाबांनी माझा हात धरला आणि पाकीट परत घेतले. शेवटी प्लास्टिकसकटच त्याची प्रत काढली. म्हणून लग्नातल्या त्या मोठ्या फोटोत तिच्या चेहऱ्यावरून एक बारीक सुरकुती गेलेली दिसते.

भाग संपल्यावर मी त्या पाकिटाचा विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. त्यांनी एवढेच विचारले की, ही मालिका इतकी जुनी आहे तर ती मुलगी आता केवढी झाली असेल. मी सांगितले की या मालिकेत कोणाचेच वय वाढत नाही. पस्तीस वर्षे उलटली तरी मॅगी अजून वर्षाचीच आहे.

बाबा थोडा वेळ विचार करत राहिले.

‘‘म्हणजे फोटो बदलूक नको,’’ ते म्हणाले, आणि दक्षिणेकडून ढग चढलेले पाहून अंगणातली साले गोळा करायला उठले.