ते एकटेच का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मला ना स्नेहसंमेलन आठवलं, ना निकालाचा दिवस. आठवला तो दहावीतला एक मोकळा तास.

त्या वर्षी बाबांचा कारखाना बंद पडला होता. बाबा दिवसभर घरात असायचे, पण बोलायचे नाहीत. सवयीनं पहाटे उठून, कपडे करून खुर्चीत बसून राहायचे. मी वर्गात मागच्या बाकावर सरकलो होतो. बाईंनी एकदा थांबवून विचारलं, "घरी काही झालंय का रे?"

"बाबा खचलेत, बाई."

"ते एकटेच का?"

मी मनात मोजू लागलो. आमच्याच वर्गातल्या तिघांचे वडील त्याच कारखान्यात होते. आम्ही चौघं रोज शेजारी बसत होतो आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

पुढच्या मोकळ्या तासाला बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : कशामुळे, कशासाठी. "आपण नुसतं 'का' म्हणतो आणि दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो," त्या म्हणाल्या. कारखाना बंद का पडला, हा पहिला प्रश्न. माणूस सकाळी का उठतो, हा दुसरा. त्या तासभर आम्ही तावातावानं बोललो. 'तत्त्वज्ञान' हा शब्द मात्र बाईंनी एकदाही उच्चारला नाही.

तो विषय मी पुढे कॉलेजात घेतला, मग मानसशास्त्राकडे वळलो आणि आता समुपदेशन करतो. कार्ल यास्पर्स वाचताना मला तो फळा दिसला. मनोविकारांची चिकित्सा करणारा हा डॉक्टर पुढे तत्त्वज्ञ झाला. मनाच्या त्रासाची कारणं शोधणं वेगळं आणि तो त्रास भोगणाऱ्याला आतून समजून घेणं वेगळं, असं त्यानं १९१३च्या आपल्या ग्रंथात मांडलं. दोन्ही हवंच. औषधाची गरज असते तिथे औषधच लागतं, विचारानं ते काम होत नाही, हे मी आग्रहानं सांगतो.

बाईंचा 'ते एकटेच का?' हा प्रश्न मला समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमच्या १८९७मधल्या आत्महत्येवरील अभ्यासात भेटला. दुर्खीमही आधी तत्त्वज्ञानाचाच शिक्षक. आर्थिक पडझडीत आत्महत्या वाढतात हे कुणालाही पटेल, पण अचानक भरभराट आली तरी त्या वाढतात, असं त्यानं दाखवलं. म्हणजे नुसती गरिबी माणसाला मोडत नाही. काय अपेक्षा धरावी, कुठे थांबावं, याची समाजानं घालून दिलेली मापंच मोडतात, तेव्हा माणूस आतून सैरभैर होतो. मला वाटतं, संकटाच्या काळात तत्त्वज्ञानाचं खरं काम इथे सुरू होतं. हे दुखणं माझं किती आणि आपलं किती, हे विचारायला ते शिकवतं.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं म्हणणं होतं की आपल्याला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची आपली मतं अस्वस्थ करतात. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात आपली उपचारपद्धती उभारताना हा आधार मोकळेपणानं मान्य केला. मी स्वतः हे तत्त्व रोज वापरतो आणि त्याचा उपयोगही होतो. पण काम गेलेल्या माणसाला 'तुझ्या बघण्यातच चूक आहे' एवढंच सांगणं मला क्रूर वाटतं. एपिक्टेटस स्वतः गुलामीत वाढलेला होता. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे आधी वेगळं करा, अशी त्याची शिकवण होती. तो अर्धा भाग आपण सोयीनं विसरतो.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्याची, नोंद घेतली ती कामाशी जोडलेली स्थिती म्हणून, आजार म्हणून नव्हे. ही वर्गवारी करतानाही मुळात प्रश्न तोच होता : बिघाड माणसात आहे की त्याच्या कामाच्या रचनेत? माझ्यासमोर येणारे बहुतेक जण त्याचं उत्तर आधीच स्वतःविरुद्ध देऊन बसलेले असतात.

बाबांना पुढे काम मिळालं. त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोललं नाही, मीही नाही. गेल्या वर्षी धीर करून विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं."