दांडा उघडा, वाट बंद

मागणी एका ओळीची होती. किनाऱ्यांच्या बदलत्या आकारांवर एक प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी वस्ती नसलेल्या एका दूरच्या बेटाचं एकच छायाचित्र हवं होतं. बेटाचा किनारा आणि समोरचा लहानसा खडकाळ सुळका यांना जोडणारा वाळूचा दांडा पाण्यातून नुकता वर आलेला, तिरप्या उन्हात वाळूवरच्या लहरी स्पष्ट दिसणाऱ्या, आणि माणसाच्या पावलांची एकही खूण नाही. बरोबर मदतनीस नको असं मीच ठरवलं होतं. दोन माणसं म्हणजे पावलांच्या दोन रांगा, शिवाय लहान होडीत सामानाला जागा कमी.

कॅमेऱ्याचा विचार मी सगळ्यात शेवटी करते. आधी पाणी.

चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आणि जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, हे बहुतेकांना माहीत असतं. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातून निघणारी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अशा किनाऱ्यावर उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढउताराच्या दिवसांतली, ओहोटी नेहमी घड्याळातल्या साधारण त्याच वेळेला येते. उधाण अमावास्या-पौर्णिमेला बांधलेलं, आणि त्या दिवशी चंद्र आकाशात कुठे असणार हेही ठरलेलं. म्हणजे एखाद्या ठिकाणी सर्वांत मोठी ओहोटी भर उन्हात येत असेल तर ती कायम भर उन्हातच येणार. पहाटेच्या प्रकाशात ती हवी असेल तर वर्षभर वाट पाहूनही मिळणार नाही.

या बेटावर नेमकं तसंच होतं. उधाणात पूर्ण ओहोटी अकराच्या सुमारास, म्हणजे ऊन चढल्यावर. अष्टमी-नवमीकडे गेलं तर ओहोटी पहाटे मिळते, पण ती भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढउताराच्या दिवसांतली. पाणी इतकं थोडं हटतं की दांड्याचा नुसता माथा दिसतो. मग मी प्रश्न उलटा केला. मला पूर्ण ओहोटी कशाला हवी? मला हवा होता दांडा वर येण्याचा क्षण, आणि तो पूर्ण ओहोटीच्या बऱ्याच आधी येतो. भरती-ओहोटीच्या कोष्टकात त्रयोदशीला पूर्ण ओहोटी ८:२० ला दिसत होती. पाण्याची उंची पाहता दांडा सव्वासहाच्या पुढेमागे उघडा पडणार होता आणि सूर्योदय होता ६:१५ ला. दांडा दक्षिणोत्तर पसरलेला, म्हणजे ऊन बरोबर बाजूने येणार. हे जुळलं तेव्हा मला झालेला आनंद, खरं सांगते, चांगलं छायाचित्र मिळाल्यावर होतो तेवढाच होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२ मध्ये भरतीचं भाकीत करणारं चाकांचं आणि कप्प्यांचं यंत्र आखलं. चंद्रसूर्याच्या ओढीचे वेगवेगळे घटक ते यंत्र एकत्र करून देई. आज तेच गणित माझ्या फोनमध्ये आहे, आणि ते उघडताना मला प्रत्येक वेळी त्या माणसाविषयी आदर वाटतो.

पुढची अडचण मला होडीने नेणाऱ्या तांडेलकाकांनी सांगितली. बेटाच्या समोर खडकांची रांग आहे आणि होडी तिच्यातल्या एका फटीतून आत जाते. काका म्हणाले, "ताई, ज्या पाण्याला तुमचा दांडा वर येतो ना, त्याच पाण्याला आमची वाट बंद होते." मी नकाशावरच्या खोलीशी ताडून पाहिलं तर फरक वीतभराचाही नव्हता. म्हणजे मला हवं असलेलं दृश्य जेवढा वेळ अस्तित्वात असणार, तेवढा वेळ मला न्यायला कोणी येऊ शकणार नाही. सव्वासहापासून जवळजवळ साडेदहापर्यंत मी बेटावर अडकलेली.

एकटीने जायचं म्हटलं की लोक धाडसाबद्दल बोलतात. माझ्या मते प्रश्न धाडसाचा नाहीच. समोर सुंदर प्रकाश असताना "बस झालं, चल आता" म्हणणारं दुसरं माणूस तिथे नसतं. ते माणूस आपणच घरून तयार करून न्यावं लागतं, आणि ते कागदावरच नेता येतं. म्हणून कोरड्या जमिनीवर, डोकं थंड असताना, मी सगळे निर्णय लिहून काढते. वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल तर निघायचं नाही. लाटेचा काळ, म्हणजे एक शिखर गेल्यापासून दुसरं येईपर्यंतचा वेळ, १२ सेकंदांच्या वर असेल तरी निघायचं नाही. ज्या सुळक्यावरून छायाचित्र घ्यायचं तो ९:४५ ला सोडायचा. तिथे असताना लाटेचा काळ वाढला तर ९:१५ ला. साडेबारापर्यंत माझा निरोप आला नाही तर बहिणीने सागरी बचाव केंद्राला फोन करायचा, "अजून थोडं थांबू" असं म्हणायचं नाही. हा कागद तिच्याकडे होता, काकांकडे होता आणि माझ्या खिशात प्लास्टिकमध्ये होता. शिवाय हातातला व्हीएचएफ रेडिओ, ज्याच्या १६ नंबरच्या चॅनेलवर संकटाची हाक देतात, आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला इशारा पाठवणारं छोटं यंत्र.

सामान मोजकंच घेतलं. वाळू आणि खारा वारा असताना भिंग बदलणं म्हणजे सेन्सरवर कण घेणं, म्हणून कॅमेऱ्याच्या दोन बॉडी आणि दोन्हींवर आधीच चढवलेली भिंगं, एक रुंद आणि एक लांब पल्ल्याचं. तिपाई, चकाकी कमी करणारा ध्रुवण फिल्टर, पाणी भरपूर, डोक्याला टोपी, भिजवून घट्ट पिळलेली फडकी. खाऱ्या पाण्याचे थेंब कोरड्या कापडाने पुसले की मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी गोड्या पाण्याचं ओलं फडकं, मग कोरडं.

निघालो तेव्हा चंद्र मावळतीला टेकला होता. वारा जवळजवळ नव्हता, लाटेचा काळ आठ सेकंदांचा. काकांनी उजेड फुटेपर्यंत खडकांबाहेर होडी धरून ठेवली आणि दिसायला लागल्यावरच आत घातली. मी उतरले, ते लगेच मागे फिरले. पाणी भराभर उतरत होतं. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. ढोबळ हिशेबाने एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मी उतरले ती वेळ चौथ्या तासातली होती.

सुळक्यावर पोचायला मी दांड्यावरून गेलेच नाही. पश्चिमेच्या कडेने गुडघाभर पाण्यातून गेले, म्हणजे खुणा पाण्याखाली राहिल्या. किनाऱ्यावर चालतानाही भरतीच्या रेषेच्या खालूनच चालले. वरच्या कोरड्या वाळूत पक्ष्यांची अंडी असू शकतात, आणि ती वाळूच्याच रंगाची असल्याने पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

दांडा मात्र उपग्रहचित्रात दिसला होता तसा नव्हता. तिथे तो सरळ होता. आता मध्ये पूर्वेकडे वाकलेला. वाळू एका हंगामात एवढी सरकू शकते. ठरवलेल्या जागेवरून तो वाक सुळक्याच्या कडेआड जात होता, म्हणून मी आणखी वर चढले. तिथून चौकट उलट जास्त चांगली दिसली. वाकामुळे नजर पुढे सरकत किनाऱ्यापर्यंत जात होती. ६:२५ च्या सुमारास पाण्याच्या पातळ थराखालून वाळूच्या लहरी वर यायला लागल्या, प्रत्येक लहरीच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला निळसर सावली. फिकी वाळू कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवते; ती सरासरी करड्या रंगाची आहे असं धरून मीटर छायाचित्र काळवंडून टाकतं. म्हणून प्रकाश एक स्टॉपहून, म्हणजे दुपटीहून, थोडा जास्त घेतला आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे उजळ-गडद भागांची वाटणी दाखवणाऱ्या आलेखावर, लक्ष ठेवलं. आकाशासाठी वेगळे एक्स्पोजर घेतले. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी एक अशा दोन निगेटिव्ह एकाच छापात जोडत असे, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर दोन्ही एकदम उतरत नसत. साधनं बदलली, पण आकाश आणि पाणी यांच्यातला तो तंटा अजून तसाच आहे.

सव्वासात वाजेपर्यंत माझं काम झालेलं होतं. उरलेला वेळ मी लांब एक्स्पोजर, वाळूतले नुसते आकार, सुळक्यावरचे शिंपले असं काहीबाही घेत होते.

साडेआठनंतर आवाज बदलला. आधी लाटा सतत कुजबुजत होत्या. आता मध्ये शांतता पडायची आणि मग एक जड, लांब आवाज. मी एका खडकावर नजर ठेवून अकरा शिखरं मोजली. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत दोन मिनिटं वीस सेकंद. म्हणजे काळ चौदा सेकंद. वारा अजूनही पडलेलाच होता. अशा लाटा जवळच्या वाऱ्याने उठत नाहीत, दूरच्या वादळातून येतात. खोल समुद्रात चौदा सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला सुमारे ९०० किलोमीटर पुढे येतो, आणि जितका काळ लांब तितका वेग जास्त, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी पोचतात. अंदाजात त्या संध्याकाळी येणार होत्या. सकाळीच आल्या.

रेडिओ हातात घेतला तोच काकांचा आवाज. "ताई, पुढच्या वाटेने आज यायचं नाही. खडकांवर पाणी फुटतंय. बेटाच्या मागच्या अंगाला घेतो तुम्हाला, साडेदहाला उभ्या राहा."

"हो काका. सव्वानऊला सुळका सोडते."

"आत्ता निघालात तरी चालेल."

मागचं अंग म्हणजे दांडा ओलांडून, किनारा चढून, बेटाच्या खांद्यावरून पलीकडे. आणि नेमकी त्याच वेळी माझ्यासमोर अशी गोष्ट घडायला लागली जी मी आधी कधी पाहिली नव्हती. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, म्हणून सुळक्याजवळून जाताना ती वळते. एकाच लाटेचे दोन हात सुळक्याच्या दोन्ही बाजूंनी फिरून मागे येत होते आणि दांड्याच्या दोन्ही कडांवर समोरासमोर चढत होते. वाळू तिथे साचते ती याच कारणाने. दांडा घडवणारी क्रिया मी डोळ्यांनी पाहत होते. प्रत्येक लाटेबरोबर दोन्ही बाजूंचे फेसाचे पट्टे माथ्याच्या थोडे जवळ येत होते. पाणी चढून ते माथ्यावर एकमेकांना भिडतील तो क्षण दहाच्या आसपास येणार होता, आणि तो सुळक्यावरून पाहणाऱ्या माणसाला परतायला दांडाच उरला नसता. हिशेबाप्रमाणे दांडा १०:२० पर्यंत उघडा राहायला हवा होता, पण तो हिशेब शांत पाण्याचा. अशा लाटा त्याच्या कितीतरी आधी माथा पार करतात.

थांबावंसं फार वाटलं. खिशातल्या कागदावर मात्र ९:१५ लिहिलेलं होतं आणि ते लिहिताना मी हा प्रकाश पाहिलेला नव्हता, म्हणूनच ते खरं होतं. तिपाई मिटली, दोन्ही बॉडी जलरोधक पिशवीत घातल्या आणि ९:१४ ला उतरायला लागले. या वेळी दांड्याच्या मधोमध चालले, पावलांची पर्वा न करता. दोनदा फेस घोट्यापर्यंत आला.

खांद्यावर पोचून वळून पाहिलं तर वरून सगळा नक्षा उलगडलेला. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या लाटा एकमेकींना छेदून जात होत्या आणि दांड्यावर चौकड्यांची जाळी पडत होती. हातात वेळ होता दहा मिनिटांचा. लांब पल्ल्याचं भिंग, ध्रुवण फिल्टर. सूर्य बाजूला होता, म्हणजे फिल्टरचा उपयोग होणारा कोन. पाण्याची चकाकी गेली आणि खालची वाळू दिसली. माझी पावलं तोवर पुसली गेली होती. पाणी माथ्यावर भिडलं तेव्हा मी शटर दाबत होते, पण उंचावरून, कोरड्या दगडावर उभी राहून.

काका साडेदहाच्या आधीच आले होते. मागच्या अंगाला पाणी शांत होतं, कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून होडीपर्यंत गेले. बहिणीला निरोप ११:५० ला गेला.

प्रदर्शनवाल्यांनी सकाळचा, लहरींचा फोटो घेतला. मला खांद्यावरचा जास्त मोलाचा वाटतो, आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. दांडा कसा होतो ते त्यात दिसतं. आता त्यांना वादळांचा हंगाम संपल्यावर त्याच चौकटीतलं दुसरं छायाचित्र हवं आहे, दांडा किती सरकला ते शेजारी-शेजारी दाखवायला. त्यासाठी तारीख किंवा घड्याळाची वेळ जुळवून भागणार नाही. पाण्याची उंची तीच हवी, नाहीतर वाळू सरकली की पाणीच कमीजास्त झालं हे कळणार कसं? हवेचा दाबही पाहावा लागेल, कारण तो एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. कोष्टकात मी दोन त्रयोदशा आणि एक द्वादशी खुणावून ठेवली आहे. कागदावर या वेळी उतरण्याच्या दोन जागा आहेत आणि मागच्या अंगाला पोचायला लागणारा वेळही. काकांना तो कागद पाठवला. त्यांनी द्वादशी खोडून परत पाठवला आहे.