तीन दिवसांत आराम देणारी ट्यूब

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललेलं, कारण विषय जांघेतल्या गजकर्णाचा आहे. पण गेल्या आठवड्यात कंपनीच्या कँटीनमध्ये दोघांनी वेगवेगळं गाठून, आवाज खाली करून, "तुला पण झालेलं ना, काय लावलंस?" असं विचारलं, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून टाकावं, प्रत्येकाला कोपऱ्यात नेऊन कोण सांगत बसणार.

सुरुवात ऑगस्ट २०२४ च्या पुरात झाली. विश्वामित्री नदी कशी चढली ते बडोदेकरांना सांगायला नको. आम्ही मुजमहुड्याच्या बाजूला राहतो, खाली कमरेएवढं पाणी, आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, लाइट नाही, दूध आणायला नाहीतर आईच्या शुगरच्या गोळ्या आणायला त्याच पाण्यातून जायचं आणि परत येऊन तीच पँट पिळून घालायची कारण दुसरी कोरडी होतीच कुठे. पाणी ओसरल्यावर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामावर गेलो तर सेफ्टी शूज आतून ओले ते आठ दिवस ओलेच. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या त्याचं काही वाटलं नाही, त्या दर पावसाळ्यात होतात. पण सप्टेंबरमध्ये जांघेत लाल चकंदळ उठलं, कडा जराशी उंच, बारीक फोडांची, मध्ये त्वचा बऱ्यापैकी साफ, आणि खाज अशी की रात्री अडीचला उठून बाथरूममध्ये जाऊन बसायचो. (आता कळतं, चिखल्या आणि हे एकाच जातीची बुरशी असू शकते, आणि आपण चड्डी पायातून वर ओढताना तिला स्वतःच लिफ्ट देतो. म्हणून मोजे आधी, चड्डी नंतर. हसू नका, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय.)

मग निदान सुरू झालं. दाखवलं कोणालाच नाही, सगळं तोंडी. आई म्हणाली गजकर्ण. शेजारच्या बेन म्हणाल्या धाधर, ते एकच. समोरचे काका म्हणाले "आ तो खरजवुं छे", आणि आईने ते ऐकलं खरूज! झालं, घरभर चादरी उकळायला टाकल्या. आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत ही गंमत नेहमीची आहे, गुजरातीतलं खरजवुं म्हणजे आपलं इसब, एक्झिमा, ते संसर्गाचं नाही, आणि आपली खरूज बारीक किड्याने होते, तिचं औषधच वेगळं. गजकर्ण म्हणजे बुरशी. तिघांनाही खाज सुटते पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आईने टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायचं पण सुचवलं, तिच्या आईकडे तसं करायचे म्हणे, पण त्या जागी ताक लावून ऑफिसला कसा जाणार.

तर मी घराजवळच्या एका मेडिकलवर गेलो. दुकानात दोन बायका उभ्या होत्या त्या जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत राहिलो, मग पुटपुटलो. त्याने वर पण न बघता एक ट्यूब दिली, "आ लगावो, तीन दिवस मां साफ." आणि खरंच सांगतो, पहिल्या रात्रीच खाज गेली. तिसऱ्या दिवशी लाली गेली. मी त्या माणसाला मनातल्या मनात दुवा दिला, ट्यूब कपाटात टाकली आणि विसरलो.

बारा दिवसांनी परत. मोठं. परत ट्यूब, परत तीन दिवस, परत साफ. तिसऱ्या वेळेस एक गोलाच्या आत दुसरा गोल, पाणी शांत असताना दगड टाकल्यावर उठतात तसे, आणि मांडीवरून मागे सरकलेलं. तोवर नवरात्र आली. मुलगा नववीत, नऊच्या नऊ रात्री गरबा, घामाने चिंब केडियुं आणि चोरणो रात्री दीडला काढून खुर्चीवर फेकायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच घालायचा. दसऱ्यानंतर त्याच्या कमरेला, बरोबर नाडी बांधतो तिथे, एक गोल. मी मोठ्या शहाणपणाने तीच ट्यूब त्याला देणार होतो. बायकोने हातातून घेतली आणि म्हणाली, "तुमचं झालंय का बरं, म्हणून त्याला देताय?" याला उत्तर नव्हतं.

स्किनच्या डॉक्टर बाई होत्या, त्यामुळे अजून लाज. त्यांनी आधी ट्यूब मागितली, मी आणलेली, त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. चार औषधांची खिचडी. बुरशीचं एक होतं, दोन बाकीच्या जंतूंची ज्यांचा इथे काही संबंध नव्हता, आणि चौथं क्लोबेटासॉल. ते स्टेरॉइड, आणि त्यातलं पण सगळ्यात जोरदार. मग कळलं तीन दिवसांचा चमत्कार कोणाचा होता. लाली आणि खाज बुरशी करत नाही, बुरशीशी भांडताना आपलं शरीर करतं. स्टेरॉइड ते भांडण बंद पाडतं, खाज गेली, आपण खुश, आणि बुरशी आत निवांत वाढते. मला एकदम पुरातलीच आठवण झाली, पाणी उतरल्यावर लोक म्हणाले संपलं, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर बसलेली.

अशी स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइडच्या क्रीम शेड्यूल एच या यादीत घातल्या, तसं ट्यूबवर छापलेलं पण असतं. आपण वाचत नाही आणि तो विचारत नाही. मी दोष अर्धा अर्धा वाटून घेतलाय. पण एक गोष्ट मात्र परत येणार नाही, जांघेत पांढरट-जांभळ्या रेघा पडल्यात, पोटुशी बाईच्या पोटावर पडतात तशा. कातडी पातळ होऊन आतून फाटते त्याच्या खुणा. त्या जात नाहीत.

बाईंनी ब्लेडच्या बोथट कडेने कडेची थोडी साल खरवडली, काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बघितली. पाच-दहा मिनिटांचं काम. बुरशीचे धागे दिसले. हे आधी केलं असतं तर आमच्या सोसायटीतली गजकर्ण-खरजवुं कॉन्फरन्स टळली असती. त्या म्हणाल्या की हल्ली पूर्वीसारखं पंधरा दिवसांत बरं होत नाही, आपल्याकडे जी बुरशी पसरलीय ती चिवट आहे, टर्बिनाफिन नावाचं इतकी वर्षं हमखास चालणारं औषध पण बऱ्याच जणांना लागू पडत नाही. घरी येऊन वाचलं तर तिचं नावच २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ठेवलंय, जपानमधल्या संशोधकांनी, भारत-नेपाळच्या पेशंटमध्ये सापडली म्हणून. देशाचं नाव कुठे निघेल सांगता येत नाही.

मुलाचा एकच गोल होता आणि त्याला ती ट्यूब लागलेली नव्हती, त्याला नुसतं क्रीम. मला क्रीम आणि वर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल, जेवणानंतर, आणि त्याबरोबर ॲसिडिटीची गोळी नाही, नाहीतर कॅप्सूल नीट लागतच नाही. मी ॲसिडिटीची गोळी चणेफुटाण्यासारखी खाणारा माणूस, ते विचारलं नसतं तर गेलेच होते पैसे.

आता क्रीमबद्दल, कारण कँटीनवाल्यांना तेच हवंय. क्लोट्रिमाझोल असो, ल्युलिकोनाझोल असो, नुसतं बुरशीचं क्रीम लावलं की पहिल्या रात्री काहीच होत नाही. ही काम करतात ते बुरशीच्या पेशीभोवतीचं पातळ पटल नीट बनू न देण्याचं, त्याला लागणारं एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य आपल्या अंगात नसतंच, म्हणून आपल्याला त्रास नाही, पण वेळ लागतो. उलट माझं स्टेरॉइड बंद केल्यावर पहिला आठवडा आधीपेक्षा भयानक खाज, मी दोनदा कपाट उघडून जुन्या ट्यूबकडे बघितलं. बायकोने ती आधीच कचऱ्यात टाकलेली.

आणि लावायचं किती? मी तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन पसरवायचो, कंजूष माणूस. बाईंनी हिशोब शिकवला. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूब पिळायची, ते साधारण अर्धा ग्रॅम, त्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. माझी जागा धरा चार तळहात, म्हणजे एका वेळेला एक ग्रॅम, क्रीम दोनदा लावायचं असेल तर दिवसाला दोन. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपते! आणि मी एक ट्यूब पुरवून पुरवून "गुण नाही" म्हणत होतो. शिवाय लावायचं नुसत्या लाल कडेवर नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवर पण, बाहेरून आत येत, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आधी जागा पूर्ण कोरडी. अंघोळ करून लगेच नाही, पंख्याखाली उभं राहा, दार लावून.

आणि थांबायचं कधी, इथे सगळे आपटतात. दिसेनासं झालं त्यानंतर अजून दोन आठवडे. साफ कातडीला रोज क्रीम लावताना मूर्खासारखं वाटतं. मी कालनिर्णयवर निळ्या पेनने टिक करायला लागलो, त्याशिवाय आठवत नव्हतं. काळा डाग तीन-चार महिने राहिला, तो डाग म्हणजे बुरशी नाही, त्याला क्रीम लावत बसायचं नसतं. डोक्यात किंवा नखात झालं असेल तर मात्र या क्रीमने काही होत नाही, तिथे बहुतेक वेळा गोळ्या लागतात.

घरात काय काय बदललं ते सांगत नाही, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, साबण वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात आणि उलटे करून उन्हात, शिवणीवर इस्त्री, माझी घट्ट जीन्स पुतण्याला (धुऊन, उकळून!) गेली. मुलगा महिन्याभरात साफ झाला. मी डिसेंबरच्या मध्यापर्यंत. आणि जानेवारीत मला परत आलं.

मी डॉक्टरांकडे जाऊन जवळजवळ भांडलोच. त्यांनी शांतपणे विचारलं, घरात अजून कोणाला आहे? मी म्हटलं कोणालाच नाही. "विचारलंय का प्रत्येकाला?"

आईला होतं. पुरापासून. परकराच्या नाडीखाली आणि छातीखाली, शुगरमुळे अजूनच, आणि ती कोणाला बोलली नव्हती, वय वर्षं ७१, मुलाला काय सांगणार आणि सुनेला कशाला त्रास. भजनी मंडळातल्या एका बाईंनी तिला ट्यूब दिलेली. आम्ही कचऱ्यात टाकली तसलीच, त्याच रंगाची. ती ट्यूब देवघराच्या खालच्या खणात, कापसाच्या वातींमागे सापडली. तीन महिने आमचे टॉवेल वेगळे आणि धुवायच्या बादलीत मात्र सगळ्यांचे कपडे एकत्र.

डॉक्टर बाईंनी आईची बाकीची औषधं बघून तिला कॅप्सूल दिल्या नाहीत, क्रीमच, आणि शुगर ताब्यात आणायला लावली. बायको लावून द्यायची, पहिले चार दिवस दोघी खोलीचं दार लावून घ्यायच्या, नंतर आईच "मला जमतं गं" म्हणाली. कालनिर्णयवर आता दोन रंगांच्या टिका होत्या, माझी निळी, आईची लाल, संकष्टीच्या चौकोनात तर जागाच नाही उरली. माझी एखादी राहिली तर ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय रे, काल लावलं नाहीस?" आणि हे मुलाचे मित्र बसलेले असताना.